तरुण घोड्याचा कँटर बिघडला तर : दुखणं शोधण्यापासून पुन्हा स्वारीपर्यंत

चार-पाच वर्षांचा घोडा वॉकमध्ये शांत असतो, दुडकी छान चालतो, पण कँटर (दुडकीच्या पुढची, तीन ठोक्यांची धाव) मागितला की कान मागे टाकतो, शेपटी झोडतो, दुडकीचाच वेग वाढवत नेतो किंवा मागून लाथ उडवतो. पुण्या-मुंबईचे रायडिंग क्लब असोत, नाशिक-कोल्हापूरकडची फार्म असोत किंवा सारंगखेड्याच्या बाजारातून नुकताच घोडा घेऊन आलेला शेतकरी असो, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यावरचा सल्लाही ठरलेला असतो : "माजलाय, दोन चाबूक ठेवून दे, आपोआप निघेल."

हा सल्ला चुकीचा आहे आणि तरुण घोड्याच्या बाबतीत तर घातक आहे. चाबकाने घोडा कँटर करेलही, पण दुखत असेल तर दुसऱ्या पायावर भार टाकून करेल. काही महिन्यांनी मूळ दुखण्याच्या जोडीला पाठ धरते, दुसरा पाय धरतो आणि माणसावरचा विश्वास जातो तो वेगळाच. म्हणून मी एक क्रम कधीच मोडू देत नाही. कँटरला नकार आला की आधी दुखतंय असं धरून चालायचं, एकेक जागा तपासून बाजूला काढत जायचं, आणि सगळं तपासून झाल्यावरच शिकवणीकडे वळायचं. खाली तो क्रम सविस्तर दिला आहे.

कँटरमध्ये पायांवर काय येतं

उजव्या लीडचा कँटर घ्या, म्हणजे ज्यात उजवा पुढचा पाय शेवटी आणि सगळ्यात पुढे पडतो तो. आधी डावा मागचा पाय टेकतो, एकटाच. मग उजवा मागचा आणि डावा पुढचा एकत्र टेकतात. शेवटी उजवा पुढचा, पुन्हा एकटा, आणि त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत असतात. दुडकीत कर्णरेषेतली जोडी भार वाटून घेते. कँटर उचलताना मात्र बाहेरच्या एकट्या मागच्या पायाला घोड्याचं आणि स्वाराचं वजन पुढे ढकलावं लागतं, आणि त्याच वेळी कंबरेला वाकावं लागतं. हॉक (मागच्या पायाचा घोटा), स्टायफल (मागच्या पायाचा गुडघा), कंबर, पाठ यांपैकी कुठेही दुखत असेल तर ते या क्षणी बाहेर येतं. एखादा घोडा फक्त उजवी लीड घेत नसेल, तर माझी नजर आधी डाव्या मागच्या पायाकडे आणि मग उजव्या पुढच्या पायाकडे जाते.

पण एक अडचण आहे. कँटर मुळातच एकांगी, त्यामुळे त्यात लंगडणं डोळ्यांना नीट दिसत नाही. हलकं लंगडणं पकडायचं तर दुडकी बघावी लागते, कारण दुडकीत दोन्ही बाजू सारख्याच पडायला हव्यात. तक्रार कँटरची असली तरी पुरावा बहुतेकदा दुडकीत मिळतो. याला मोठा अपवाद आहे तो कण्याचं शेपटीआधीचं हाड (सॅक्रम) आणि कमरेचं हाड जिथे जुळतात त्या सांध्याचा, म्हणजे सॅक्रोइलियाकचा. तिथे दुखणारा घोडा दुडकी बऱ्यापैकी चालतो आणि कँटर अगदी वाईट करतो.

बिघाड कसा आहे यावरूनही दिशा मिळते. पुढचे पाय एका लीडवर आणि मागचे दुसऱ्या लीडवर, याला क्रॉस कँटर म्हणतात. स्वाराला तो खोगिरात घुसळल्यासारखा जाणवतो. अधूनमधून वळणावर तोल गेल्याने असं झालं तर समजण्यासारखं आहे, पण रोज एकाच हाताला, म्हणजे एकाच दिशेने फिरताना, होत असेल तर मागचा भाग तपासायला हवा. सशासारखे दोन्ही मागचे पाय जोडीने टाकणं हे कमरेच्या, स्टायफलच्या किंवा हॉकच्या दुखण्याचं नेहमीचं लक्षण आहे. तीनाऐवजी चार ठोके पडू लागले तर घोड्यात जोर नाही, किंवा लगाम ओढून धरून स्वार त्याला पुढे जाऊ देत नाही. याउलट घोडा दोन्ही हातांना दहा-बारा ढांगा नीट घेतो, कान-शेपटी शांत ठेवतो आणि मग दुडकीत उतरतो, तेव्हा तो बहुतेकदा नुसता दमलेला, कच्चा असतो. त्याला वेळ हवा.

वय आणि पूर्वेतिहास आधी लिहून काढा

घोड्याची हाडं खालून वर पक्की होत जातात. खुराजवळची आधी, पाठीच्या मणक्यांची सगळ्यात शेवटी, साधारण साडेपाच-सहा वर्षांच्या सुमारास. चार वर्षांचा घोडा उंचीने पूर्ण दिसला तरी ज्या पाठीवर आपण बसतो ती अजून वाढत असते. वाढीच्या झपाट्यात पुठ्ठे विदरपेक्षा (मानेच्या मुळाशी, खांद्यांवर असलेल्या उंचवट्यापेक्षा) उंच होतात, घोडा पुढच्या खांद्यांवर लोटला जातो आणि जमलेला कँटर काही आठवडे हरवतो. हे डोळ्यांनी दिसतं : घोडा सपाट फरशीवर बाजूने उभा करा आणि बघा. मागून उंच असेल तर कँटर बाजूला ठेवून चालीचं काम करा.

दातांचंही तसंच. दुधाचे पुढचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या आसपास पडतात, आणि याच काळात दाढांच्या टोप्याही सुटतात. हिरड्या हुळहुळ्या असतात, त्यात बिटजवळचा (तोंडात असणाऱ्या लगामाच्या कडीजवळचा) छोटा लांडग्याचा दात टोचत असेल तर घोडा मान वर करून, तोंड उघडून, एका बाजूला डोकं तिरपं करून पळतो. मान वर गेली की पाठ खाली दबते आणि कँटर सपाट, घाईचा होतो. तरुण घोड्याचे दात वर्षातून दोनदा पशुवैद्याने बघितलेले बरे.

घोडा आला कुठून हे फार महत्त्वाचं. पुण्याचा शर्यतीचा हंगाम पावसाळ्यात आणि मुंबईचा थंडीपासून एप्रिलपर्यंत. हंगाम संपला की अनेक तरुण थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचे घोडे) रायडिंगसाठी विकले जातात. हे घोडे दोन वर्षांचे असतानाच पळायला लागलेले असतात, त्यांच्या खुरांचे तळवे बहुधा पातळ आणि टाचा खचलेल्या असतात, आणि लगाम घट्ट धरला की "आता जोरात" असा अर्थ त्यांना शिकवलेला असतो. विकणाऱ्याला विचारा : शेवटची शर्यत कधी, पायावर कधी सूज आली होती का, सांध्यात इंजेक्शनं दिली होती का, कोणत्या हाताला पळायची सवय आहे. सारंगखेडा किंवा राजस्थान-काठियावाडकडून आलेल्या मारवाडी-काठियावाडी घोड्याचा प्रश्न वेगळा. त्यांच्यातले बरेच घोडे रेवाल चालतात, म्हणजे एकाच बाजूचे दोन पाय जवळजवळ जोडीने पडतात. शिवाय मिरवणुकीसाठी नाचायला शिकवलेला घोडा मान उंच आणि पाठ पोकळ ठेवायला सरावलेला असतो. अशा घोड्याला कँटर उचलणं अवघड जातं ते शरीराच्या सवयीमुळे. तिथेही तपासणी टाळायची नाही, कारण नाचवताना मागच्या पायांवर पडलेला भार हॉकमध्ये जाऊन बसतो.

पहिली पायरी : स्वारी थांबवा आणि हात फिरवा

दोन-तीन दिवस स्वारी बंद. या काळात सकाळी, घोडा तबेल्यातून बाहेर काढण्याआधी, रोज एकाच क्रमाने तपासा. सईस रोज खरारा करतो, त्यालाही हे शिकवून ठेवा. बदल बहुतेकदा त्याच्याच हाताला आधी लागतो.

नाडी, श्वास, शरीराचं तापमान यांपासून सुरुवात करा. विश्रांतीत नाडी मिनिटाला 28 ते 44, श्वास 8 ते 16 आणि तापमान 37.5 ते 38.5 अंश सेल्सिअस असायला हवा. मग चारही पायांवरून वरून खाली हात फिरवा. हाताचा तळवा नको, त्याची मागची बाजू वापरा, तिला ऊब जास्त कळते. डावा आणि उजवा पाय एकमेकांशी ताडून बघा. पुढच्या पायाच्या नळीच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या खाली, वाटाण्याएवढी किंवा सुपारीएवढी गरम गाठ लागली तर तो स्प्लिंट (नळीच्या हाडालगतची सूज) असू शकतो. दोन ते पाच वर्षांच्या घोड्यांत तो नेहमी दिसतो, आणि ताजा असताना चांगला दुखतो.

फेटलॉकच्या (नळीच्या खालच्या टोकाच्या सांध्याच्या) मागे, आतून आणि बाहेरून, दोन बोटं हलकेच ठेवा. तिथली नाडी निरोगी घोड्यात जेमतेम लागते. ती ठणठणीत लागली आणि खूर कोमट वाटला, तर खुराच्या आत काहीतरी चाललंय : दगड लागून झालेला मुका मार, पू, किंवा खिळा जवळून गेलेला. खूर उचलून साफ करा, तळाच्या मधल्या मऊ त्रिकोणी भागाचा, म्हणजे फ्रॉगचा, वास घ्या. पावसाळ्यात ओल्या तबेल्यात तिथे काळपट घाण साचून कुजका वास येतो आणि घोडा टाच टेकवायला नाखूश होतो. नाल कधी बसवली ते नालबंदाला विचारा. चार ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त झाले असतील आणि खुराचा पुढचा भाग लांबला असेल तर ढांग उशिरा सुटते, आणि कँटर अडखळायला तेवढंही पुरतं.

आता पाठ. बोटांच्या टोकांनी टोचू नका, तसं केलं तर कुठलाही घोडा दचकेल. विदरच्या मागे, कण्याच्या दोन-तीन बोटं बाजूला, बोटांचे पेर सपाट ठेवून सावकाश दाब वाढवत पुठ्ठ्यापर्यंत या. निरोगी स्नायू दाबाखाली किंचित मऊ होतो. दुखरा स्नायू लाकडासारखा ताठ होतो किंवा थरथरतो, घोडा पाठ खाली घेतो, डोळा मोठा करतो, ओठ आवळतो. एकाच जागी तिन्ही दिवस तीच प्रतिक्रिया आली तर ती खरी. तंगाच्या (खोगीर कसण्याच्या पट्ट्याच्या) जागेवर, कोपराच्या मागे, आणि कुशीवरही तसाच हात फिरवा. तंग दिसताच चावायला येणारा, खरारा करताना कुशीला हात लावू न देणारा घोडा अनेकदा पोटातल्या अल्सरने त्रासलेला असतो. घोड्याच्या पोटात आम्ल सतत झिरपतं आणि ते शांत करणारी लाळ फक्त चावतानाच सुटते. चंदी (दाणा) जास्त आणि चारा कमी, तासनतास रिकामं तोंड, त्यात कँटरला आम्ल वर उसळून पोटाच्या वरच्या, संरक्षण नसलेल्या भागावर पडतं. स्वारीच्या अर्धा तास आधी दोन मुठी लसूणघास किंवा कुट्टी दिली तर या घोड्यांना फायदा होतो. अल्सर आहे की नाही हे मात्र दुर्बिणीनेच पक्कं कळतं.

या पायरीत काही गोष्टी दिसल्या तर पुढे काहीच तपासू नका, थेट पशुवैद्याला फोन करा : पाय अजिबात टेकवत नाही, सांध्याजवळ जखम आहे, ताप आहे, मागचा भाग झोकांड्या खातो. आणि व्यायामाच्या सुरुवातीलाच घोडा घामाघूम होऊन लाकडासारखा ताठला, कॉफीच्या रंगाची लघवी झाली, तर त्याला एक पाऊलही चालवू नका. हे स्नायू फुटण्याचं लक्षण आहे. सुट्टीच्या दिवशी पूर्ण चंदी आणि दुसऱ्या दिवशी जोराचं काम, हे त्याचं जुनं कारण. म्हणून सुट्टीला चंदी निम्म्याहून कमी करावी.

दुसरी पायरी : खोगीर

तरुण घोड्याची पाठ काही महिन्यांत बदलते. जानेवारीत बसलेलं खोगीर जूनमध्ये बसेलच असं नाही. नमदा (खोगिराखालचं जाड कापड) न घालता खोगीर ठेवा. विदर आणि खोगिराच्या कमानीमध्ये दोन-तीन बोटं जायला हवीत, स्वार बसल्यावरही. मागचं टोक शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जाता कामा नये : बरगडी हाताने चाचपा, तिच्या रेषेत वर कण्यापर्यंत या आणि तिथे खडूने खूण करा. ज्या घोड्यांची पाठ आखूड असते, त्यांच्यावर सतरा-अठरा इंची खोगीर सहज मागे उतरतं. नंतर तंग न कसता खोगिराखाली पुढून मागे हात सरकवत न्या. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे.

स्वारीनंतर पांढऱ्या नमद्यावरचा घाम वाचायला शिका. दोन्ही बाजूंना सारखे ओले पट्टे आणि मधे कण्यावर कोरडी वाट, हे बरोबर. ओल्या पट्ट्यात तळहाताएवढा कोरडा तुकडा दिसला, तर तिथे इतका दाब येतोय की घामही फुटला नाही. खोगीर सतत एकाच बाजूला घसरत असेल तर सगळा दोष खोगिराला देऊ नका. मागच्या पायाचं हलकं लंगडणं हे त्याचं एक जाणतं कारण आहे.

स्वाराचं वजनही इथेच मोजा. खोगिरासकट एकूण भार घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांच्या आत हवा, आणि चार वर्षांच्या घोड्यासाठी मी 15 टक्क्यांच्या वर जात नाही. साडेतीनशे किलोच्या काठियावाडी घोडीवर म्हणजे साधारण 52 किलो. बहुतेक प्रौढ माणसं यात बसत नाहीत, हे मान्य करून हलका स्वार शोधावा.

तिसरी पायरी : दुडकी बघा, आणि मोबाईलवर टिपा

कडक, सपाट, सरळ जागा निवडा. डांबरी रस्त्याचा रिकामा तुकडा चालेल. सईसाने दोरी सैल धरून घोडा तुमच्यापासून दूर, मग तुमच्याकडे आणि नंतर बाजूने दुडकत न्यावा. दोरी आवळली की मानेची हालचाल लपते. दुखरा पुढचा पाय टेकताना मान वर झटकते, चांगला पाय टेकताना खाली येते. मागून बघताना दोन्ही पुठ्ठे सारखे वर-खाली व्हायला हवेत. एक बाजू जास्त उसळत असेल तर संशय त्या बाजूचा. डोळ्यांनी ठरत नसेल तर कानांनी ऐका : नालांचा ठोका टक-टक सारखा येतो का, की एक ठोका जड पडतो.

मग मऊ वाळूवर, किमान वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात लंजवर (लांब दोरीवर), दोन्ही हातांना. त्याहून लहान वर्तुळ तरुण सांध्यांना त्रासदायक, आणि त्यात निरोगी घोडाही वाकडा चालतो. पंधरा मिनिटांत आटपा. मोबाईल आडवा धरून, घोड्याचे चारही पाय चौकटीत राहतील असा व्हिडिओ घ्या आणि संथ गतीने बघा. पशुवैद्याला पाठवायलाही तोच उपयोगी पडतो.

एक गोष्ट इथे वारंवार दिसते. तरुण, सरळ मागच्या पायांचा, स्नायू न भरलेला घोडा अधूनमधून मागचा पाय क्षणभर अडकल्यासारखा ओढतो आणि मग झटक्याने सोडवतो, विशेषतः तबेल्यातून निघताना, वळताना किंवा उतारावर. त्यात स्टायफलची वाटी वर अडकत असते. कँटर उचलताना असं झालं की घोडा घाबरून लाथ उडवतो. यावर तबेल्यात बांधून ठेवणं हा उपाय नव्हे, त्याने वाढतंच. पशुवैद्याने निदान पक्कं केल्यावर चढावरचं चालणं आणि रोजची नियमित हालचाल यांनी मांडीचे स्नायू भरले की बऱ्याच घोड्यांत हे आपोआप कमी होतं.

चौथी पायरी : कँटर कोणत्या थरावर मोडतो

माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती इथे मिळते, आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात. कँटर चार परिस्थितींत बघायचा, एका दिवशी एकच : कुंपणाच्या आत पूर्ण मोकळा, लंजवर उघड्या पाठीने, लंजवर खोगीर घालून (तंग कसून, स्वाराशिवाय), आणि शेवटी स्वारासह. प्रत्येक वेळी दोन्ही हात, आणि कोणती लीड, किती ढांगा, कान, शेपटी, हे वहीत लिहायचं.

मोकळा सोडल्यावरही घोडा एक लीड टाळत असेल, वळताना लीड बदलत असेल, तर दुखणं किंवा ताकदीचा मोठा फरक त्याच्या शरीरात आहे. खोगीर, स्वार कोणाचाही संबंध नाही. मोकळा चांगला आणि लंजवर वाईट, तर वर्तुळाचा भार त्याला झेपत नाही : हॉक, फेटलॉक, खूर, किंवा नुसता तोल. खोगीर घातल्यावर बिघडला तर खोगीर, तंग, पाठ, पोट. स्वार बसल्यावरच बिघडला तर वजन, स्वाराची बैठक, हात, बिट, दात. किंवा मणक्यांची टोकं एकमेकांना घासणं, जे थरोब्रेडमध्ये बऱ्याचदा सापडतं आणि पाठीवर भार आल्यावरच बोलतं. शेवटच्या थरावर स्वार बदलून बघायला विसरू नका. एकाच बाजूला कलून बसणारा स्वार घोड्याची एक लीड हमखास बिघडवतो.

रेसमधून आलेली एक कुमाईत घोडी आमच्याकडे अशीच "हट्टी" म्हणून आली होती. डावी लीड घेतली की मागून क्रॉस व्हायची आणि मग गोळा होऊन उडायची. मोकळी सोडली तर दोन्ही लीड सुंदर. लंजवर उघड्या पाठीने तेच. खोगीर घालून तंगाचं पहिलं भोक लावलं तेव्हाच तिचा श्वास अडकला आणि वरच्या पापणीवर सुरकुती आली. लंजवर डाव्या हाताला ती चौथ्या-पाचव्या ढांगेत क्रॉस झाली. खोगीर उलटं करून दोन्ही अंगठ्यांनी गादी चाचपली तर उजवीकडे मागच्या भागात लोकरीचा गोळा झालेला, अक्रोडाएवढा. नमद्यावरचा कोरडा डाग अगदी त्याच जागी होता. गादी पुन्हा भरून घेतली, पशुवैद्याने पाठ तपासून विश्रांती सांगितली. पाठ बरी झाल्यानंतरही तिने तंग बघून कान टाकणं लगेच सोडलं नाही, त्याला काही आठवडे गेले. शरीर बरं झालं तरी घोडा आठवण ठेवतो, आणि तो वेळ त्याला द्यावाच लागतो.

स्वारासह बघताना एक शास्त्रीय मोजपट्टी हाताशी ठेवा. घोड्यांच्या लंगडण्यावर आयुष्यभर काम केलेल्या ब्रिटिश पशुवैद्य स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वारीतल्या 24 वर्तनांची यादी तयार केली आहे : कान पाच सेकंद किंवा जास्त मागे, टक लावलेली नजर, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, तोंड वारंवार उघडणं, डोकं तिरपं, शेपटीचे फटकारे, मागच्या खुराचं टोक घासणं, वारंवार चुकीची लीड किंवा क्रॉस, सशासारखी उडी, पुढे जायला नकार, अशी. यातली आठ किंवा जास्त एकाच सत्रात दिसली तर हाडा-स्नायूंचं दुखणं असण्याची शक्यता बरीच. आठपेक्षा कमी आली म्हणून घोडा निरोगी ठरत नाही, पण बारा-तेरा दिसत असताना "नखरे करतोय" म्हणायला जागा उरत नाही.

पाचवी पायरी : पशुवैद्य

घोड्यांचं काम रोज करणारा पशुवैद्य मिळवा, त्यासाठी दूरवरून बोलवावं लागलं तरी चालेल. वही, व्हिडिओ, नालबंदीची तारीख, चंदीचं प्रमाण तयार ठेवा. तो पाय दुमडून धरून लगेच दुडकवायची चाचणी घेईल, गरज पडल्यास पायाचा एकेक भाग बधिर करून लंगडणं थांबतं का बघेल, आणि त्यानंतर एक्स-रे किंवा सोनोग्राफी नेमकी कुठे करायची ते ठरेल. "आधी सगळा एक्स-रे काढा" असा आग्रह धरू नका. कुठे दुखतंय ते न ठरवता काढलेल्या फिल्ममध्ये काहीतरी सापडतंच, आणि ते कारण असेलच असं नाही.

तपासणीच्या आधी स्वतःच्या मनाने वेदनाशामक देऊ नका. लक्षणं झाकली जातात, आणि ही औषधं पोटाला व मूत्रपिंडाला त्रास देतात. डायक्लोफेनॅक तर कोणी सुचवलं तरी नाही : जनावरांच्या मृतदेहातून ते गिधाडांच्या पोटात गेलं आणि गिधाडं संपत आली, म्हणून 2006 मध्ये भारतात त्याच्या पशुवापरावर बंदी आली.

आपल्याकडे रक्ततपासणी आवर्जून करून घ्या. पावसाळ्यात आणि नंतर चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे सर्रा हा रक्तातला परजीवी आजार पसरतो. येऊन-जाऊन ताप, वजन घटणं, पोटाखाली-पायांवर सूज, मागचा भाग कमजोर. गोचिडांमुळे होणारा रक्तातला परजीवी आजारही घोड्याला असाच निस्तेज करतो. असा घोडा कँटर करत नाही तेव्हा पायात शोधून काही सापडत नाही. तालुक्याच्या ठिकाणी सोय नसेल तर नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे कसा पाठवायचा ते पशुवैद्याला विचारा.

सहावी पायरी : पुन्हा कँटरकडे

पशुवैद्याने हिरवा कंदील दिल्यावरच. सुरुवात हाताने चालवण्यापासून, मग स्वारासह लांब, सैल लगामावर वॉक, सरळ वाटांवर. मैदानातली वर्तुळं नंतर. सौम्य चढावर वॉक हा मागचा भाग भरायचा सगळ्यात सुरक्षित व्यायाम आहे. पावसाळ्यात ओल्या मुरुमावर आणि उन्हाळ्यात दगडासारख्या झालेल्या जमिनीवर मात्र नको. तबेल्यात रोज गाजर दाखवून मान डावीकडे-उजवीकडे कुशीपर्यंत आणि खाली पुढच्या पायांच्या मधे न्यायची, पाच सेकंद धरायची, तीन ते पाच वेळा. पाठीच्या खोल स्नायूंना याने ताकद येते.

दुडकी दोन्ही हातांना सारखी झाली की जमिनीवर बांबू किंवा लाकडी दांड्या मांडा, साधारण 1.2 ते 1.4 मीटर अंतरावर, लहान घोड्यासाठी थोडं कमी. रेवाल चालणाऱ्या घोड्याला तर दांड्यांचा फार उपयोग होतो. एका बाजूचे पाय जोडीने टाकणं तिथे जमत नाही आणि तो कर्णरेषेत पाय उचलायला लागतो. ती लय पक्की झाल्याशिवाय त्याला कँटर मागू नका.

पहिला कँटर लंजवर, उघड्या पाठीने, दोन-चार फेऱ्या. मग खोगिराने. स्वारासह पहिला कँटर शक्यतो सरळ, किंचित चढाच्या वाटेवर, पुढे एखादा शांत वयस्क घोडा ठेवून. मैदानातच करायचा असेल तर लांब बाजूच्या आधीच्या कोपऱ्यात, दुडकी शांत असताना मागा : आतला पाय तंगाजवळ, बाहेरचा थोडा मागे, आतला हात मऊ. रिकिबीत वजन घेऊन खोगिरातून किंचित वर उठा म्हणजे पाठ मोकळी राहते. दुडकीचा वेग वाढवत नेऊन कँटरमध्ये ढकलू नका. घोडा धावू लागला तर वॉकवर या, श्वास घ्या, पुन्हा मागा. रेसच्या घोड्यावर लगाम आवळला तर तो आणखी जोर करेल, तिथे हात पुढे देऊन खांदे मागे ठेवल्याने काम होतं.

सहा-आठ चांगल्या ढांगा झाल्या की तो स्वतः मोडण्याआधी तुम्हीच दुडकी मागा, मानेवर थोपटा, चालू द्या. चुकीची लीड आली तर ओढाताण किंवा शिक्षा नको. दुडकी, मोठं वर्तुळ, पुन्हा प्रयत्न. एका सत्रात प्रत्येक हाताला दोन-तीनदा पुरे. आठवड्यातून दोन-तीन दिवस कँटर, बाकीचे दिवस चालणं आणि एक दिवस पूर्ण मोकळा. एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा : ढांगा, किंवा वर्तुळ, किंवा स्वार. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि घोडा बिघडला तर कशाने बिघडला ते कळणार नाही.

वही चालू ठेवा. जुनं लक्षण एकदा दिसलं तर त्या दिवशी काम थांबवून दुसऱ्या सकाळी पहिल्या पायरीसारखे हात फिरवा. लागोपाठ दोन सत्रांत त्याच हाताला, त्याच ढांगेला दिसलं तर दोन थर मागे या, उघड्या पाठीच्या लंजवर नवा व्हिडिओ घ्या आणि जुन्या व्हिडिओसह पशुवैद्याला पाठवा.